पाऊल कोणाचें?

चालणारा मनुष्य आपण चालत आहों याचा विचार करीत नाहीं. ज्याची आज्ञा बिनतक्रार पाळली जाते, त्याला आपल्या सत्तेचा विसरच पडतो. परंतु कण्याला इजा होऊन मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोहोंचेनासा झाला, म्हणजे त्या सत्तेची किंमत कळते.

अशा मनुष्याला चालतें करण्याचे दोन मार्ग विज्ञानानें शोधिले आहेत. पहिला विजेचा. १९६१ सालीं लिबर्सन व त्याचे सहकारी यांनीं पक्षाघातानें लोंबणारें पाऊल, टांच जमिनीवरून सुटतांच, मज्जातंतूला विजेची चेतना देऊन उचलून दाखविलें. यांत स्नायु रोग्याचाच राबतो. पण असा चेतविलेला स्नायु लौकर थकतो. दुसरा मार्ग पायांना बाहेरून बांधावयाच्या यांत्रिक सांगाड्याचा. त्याच्या विजेच्या मोटारी खुबे व गुडघे हालवितात. त्या थकत नाहींत, पण आंतले स्नायु निजलेलेच राहातात. म्हणून कित्येक संशोधकांनीं दोहोंचा मेळ घातला : स्नायूला झेपेल तेवढें त्यानें करावें, उणें पडेल तें यंत्रानें भरून काढावें. अर्थात् स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू शाबूत असतील तरच हें साधतें.

आतां शंका अशी कीं, बळ विजेचें आणि वेळेचा हिशेब यंत्राचा असतां, हें चालणें कीं चालविलें जाणें? जो स्वतंत्र तो कर्ता, असें पाणिनि मानतो. लांकूड कुऱ्हाड तोडते, पण कर्ता तोडणाराच. मात्र येथें कुऱ्हाड म्हणजे मनुष्याचाच पाय, आणि तो दुसऱ्याच्या तालावर उचलला जातो. तेव्हां हा दाखला पुरता लागू पडत नाहीं.

मला वाटतें, कर्तेपण बळांत नसून आरंभाच्या आणि विरामाच्या अधिकारांत आहे. पांगुळगाडा धरून चालणाऱ्या मुलाचें पाऊल सुताराचें आहे असें कोणी म्हणत नाहीं. कारण कोठें जावें हें मूल ठरवितें. तसेंच, 'निघ' आणि 'थांब' हे दोन शब्द जोंवर रोग्याच्या हातीं आहेत, तोंवर पाऊल त्याचेंच. पडतांना यंत्रानें सांवरलें तर त्यांत कांहीं बिघडत नाहीं. पण कोठें व केव्हां जावें हें यंत्रच ठरवूं लागेल, त्या दिवशीं तो चालणारा न राहतां वाहून नेलेलें ओझें ठरेल.

याच न्यायानें, 'मला हा सांगाडा नको, चाकांची खुर्चीच बरी' असें म्हणणाराही तितकाच स्वतंत्र होय. त्याच्यापुढें शाळा-कचेऱ्यांच्या पायऱ्या तशाच ठेवून आपण यंत्राचें कौतुक करीत बसलों, तर आपणांस त्याच्या स्वातंत्र्यापेक्षां त्याचें आपल्यासारखें दिसणेंच अधिक प्रिय होतें, असें म्हणावें लागेल.