डाळीनं पू होत नाही

लुगड्याची गाठ वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी काचली की तिथली कातडी काळवंडते, खाजते, सोलवटते. बहुतेकींचं एवढ्यावरच निभावतं. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ साली दोन बायांची हकिकत प्रसिद्ध केली. दोघी सत्तरीच्या आसपासच्या, त्यातली एक लुगडं नेसणारी. कमरेवरची भरता न भरणारी जखम दोघींच्याही बाबतीत कातडीचा कॅन्सर निघाली. धोतराच्या काचानं होणाऱ्या अशाच कॅन्सरची नोंद मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच करून ठेवली होती.

हा रोग क्वचितच होतो. पण परभणीहून मानवत रोडकडे जाताना लागणाऱ्या पेडगावात एखाद्या घरी तो निघालाच, तर ऑपरेशन करून बाई परतल्यावर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. भेटायला येणारी प्रत्येकजण एकेक पथ्य सांगून जाईल. आंबट देऊ नका. वांगं नको, खाज सुटते. अंडं उष्ण पडतं. आणि डाळ तर नावालाही नको, डाळीनं पू होतो! मग उरतं काय? मऊ भात, चहा, बिस्किटं.

या यादीतली डाळ मला सगळ्यात खटकते. पू होतो तो जंतूंमुळे. डाळीचा त्यात काही हात नाही. उलट कापलेली जागा भरून यायला प्रथिनं लागतात. कॅन्सरच्या उपचारात वजनाच्या किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असं डॉक्टर सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. (मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर हा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्यावा.) शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम मिळतात, एका अंड्यात ६. चहा-बिस्किटांवर हा हिशेब जुळायचा नाही. आंबट म्हणून बाजूला सारलेल्या लिंबा-आवळ्यातलं क जीवनसत्त्वही नवी कातडी धरायला लागतंच. जस्ताचंही तसंच, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटबरोबर काढलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण तर लोह आणि जस्त जास्त असावं म्हणूनच २०१८ साली आलं. भाकरी घट्ट वरणात कुस्करायची, वर लिंबू पिळायचं, बाजूला शेंगदाण्याची चटणी. तोंडाला चव नसेल तर चार घासच, पण दर दोन-तीन तासांनी.

ताटानं कॅन्सर बरा होत नाही, हेही तितकंच खरं. ‘उपाशी ठेवा, गाठ आपोआप जिरेल’ म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावावं. गाठ जिरत नाही, माणूस मात्र खंगतो आणि पुढचे उपचार लांबतात. शक्तीच्या गोळ्याही परस्पर आणू नयेत, विशेषतः शेक (रेडिएशन) चालू असताना.

पथ्य सांगणाऱ्या शेजारणीवर मात्र चिडू नये. तिला कळवळा असतो आणि रिकाम्या हातानं बसवत नाही. तिला कामच सांगावं: काकू, उद्या येताना वाटीभर पिठलं आणा, आत्याबाईंना तुमच्या हातचं गोड लागतं.