ओव्हर: परिचर्येतील जुन्या-नव्यांचे नाते

कोणत्याही व्यवसायात माणसाला दोन शिक्षणे घ्यावी लागतात. पहिले महाविद्यालयात होते, त्याची परीक्षा असते आणि प्रमाणपत्रही मिळते. दुसरे कामावर रुजू झाल्यावर आधीपासून तेथे असलेल्यांकडून मिळते, त्याची नोंद कुठेच होत नाही, आणि बहुधा तेच आयुष्यभर पुरते. परिचर्येच्या, म्हणजे रुग्णांच्या शुश्रूषेच्या, व्यवसायात या दुसऱ्या शिक्षणाची ख्याती मात्र फारशी चांगली नाही. परिचारिका आपलीच पिल्ले खातात, अशा अर्थाचे एक वचन इंग्रजीभाषक देशांतील रुग्णालयांत रूढ आहे. अमेरिकेतील ज्युडिथ माइसनर यांनी १९८६ मध्ये परिचर्येच्या एका नियतकालिकात हाच आरोप प्रश्नाच्या रूपाने लेखाच्या शीर्षकात मांडला, आणि त्यानंतर अनुभवी परिचारिका नवागतांना कसे वागवतात याची चर्चा वाढली. मराठी वाचकाला ही गोष्ट समजावण्यासाठी पिल्ले खाणाऱ्या प्राण्याची गरज नाही. त्याच्याकडे सासू आहे. ही उपमा अधिक नेमकीही आहे, कारण प्राणी पिल्लू खाऊन मोकळा होतो, तर सासू सुनेला जाचते तेव्हा त्याच तोंडाने घराची रीतही शिकवत असते, स्वतः कधीकाळी त्याच उंबऱ्यावर अवघडून उभी राहिलेली असते आणि किल्ल्या शेवटी सुनेकडेच जाणार हे पक्के जाणून असते. जाच आणि शिकवण यांची ही सरमिसळ सोडवता येते का, हा येथील खरा प्रश्न आहे.

या सरमिसळीची मुळे आधुनिक परिचर्येच्या आरंभापर्यंत जातात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली, तेव्हा उमेदवार मुलींना शिकवण्याचे बरेचसे काम कक्षांच्या प्रमुख असलेल्या 'सिस्टर' करत, आणि प्रत्येक उमेदवाराविषयी दर महिन्याला एक तक्ता भरला जाई. त्यात कामातील कौशल्याच्या जोडीला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता, टापटीप अशा गुणांचे स्वतंत्र नैतिक मूल्यमापन असे. शिकवणारी आणि चारित्र्य जोखणारी व्यक्ती एकच असली, की शिकणारीची चूक ही नुसती चूक राहत नाही, ती तिच्या वळणाविषयीचा पुरावा ठरते. आजही एखादी सलाइनची बाटली वेळेवर बदलली गेली नाही, तर नव्या मुलीला 'लक्ष कुठे असतं तुझं' असे विचारले जाते, क्वचितच 'वेळ कसा मोजलास' असे. या प्रश्नाचा सूर त्या जुन्या तक्त्यातला आहे. भारतातील परिचर्या महाविद्यालयांत दिवे लावून घेतली जाणारी शपथही या संदर्भात वाचण्याजोगी आहे. ती नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जात असली तरी त्यांनी लिहिलेली नाही. लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली. तिच्या मूळ मसुद्यात रुग्णाच्या कल्याणाचे वचन आहे, डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचेही आहे, परंतु शेजारी उभ्या असलेल्या सहकारी परिचारिकेविषयी चकार शब्द नाही.

महाराष्ट्रात या व्यवसायात आलेल्या पहिल्या पिढ्यांची स्थितीही विचारात घ्यावी लागते. परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करण्याचे आणि मलमूत्र उचलण्याचे काम प्रतिष्ठित घरांना अमान्य होते. अशा काळात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास पाठवले. ज्यांना घराने जागा नाकारली, त्यांच्यासाठी रुग्णालय आणि त्याचे वसतिगृह हेच घर झाले, आणि घर म्हटले की वडीलधारेपण, शिस्त आणि धाकही आला. वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या बाईला 'होम सिस्टर' म्हणत; या पदनामात घर आणि बहीण दोन्ही आहेत, प्रत्यक्षात मात्र तिने कोणाची भूमिका वठवली हे त्या वसतिगृहांत राहिलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

ज्येष्ठांच्या कठोरपणाचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण परिचर्येच्या अभ्यासक सुसान रॉबर्ट्स यांनी १९८३ मध्ये दिले. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांनी दडपलेल्या समूहांविषयी मांडलेला विचार त्यांनी परिचर्येला लावला: ज्यांना वरच्या सत्तेला उत्तर देता येत नाही, ते आपला राग आपल्याच बरोबरीच्या किंवा खालच्या माणसांवर काढतात. याला अभ्यासक 'क्षैतिज हिंसा', म्हणजे एकाच पातळीवर आडवी वाहणारी हिंसा, असे म्हणतात. मराठीत त्याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात. हे स्पष्टीकरण खोटे नाही. डॉक्टरांच्या राउंडमध्ये सर्वांसमोर बोलणी खाल्लेली इन्चार्ज सिस्टर, जिचे शासकीय मराठीतील पदनाम 'परिसेविका' आहे, पुढच्या तासाभरात कोणावर बरसेल हे कक्षातील मावशी-मामांनाही ठाऊक असते. तरीही हा सिद्धान्त अर्धाच पुरतो, आणि तो परिचारिकांवर काहीसा अन्यायही करतो, कारण तो त्यांच्या रागात केवळ अपमानाचा निचरा पाहतो. त्या रागात ज्ञानही असते, ही गोष्ट त्याच्या नजरेतून निसटते.

हे ज्ञान कोणत्या प्रकारचे आहे हे पाहण्यासाठी औषधांच्या ट्रेपाशी जावे लागते. भारतात इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या आणि १०० युनिट असलेल्या. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० च्या कुपीतील औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाच्या शरीरात २० नव्हे तर ५० युनिट जातात, आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. हे अभ्यासक्रमात असते, परीक्षेत विचारलेही जाते. पण रात्रपाळीत एकाच ट्रेमध्ये दोन्ही सिरिंज पडलेल्या असतात, पलीकडच्या खाटेवरचा नातेवाईक हाका मारत असतो आणि नवी परिचारिका सुई कुपीत खुपसण्याच्या बेतात असते, तेव्हा तिला पाठाची उजळणी नको असते. तिला मागून आलेला 'टोपण बघ!' हा खेकसलेला शब्द हवा असतो. त्या क्षणी सौजन्य हा दोष ठरेल. ज्येष्ठ परिचारिकेच्या आवाजाची ती धार कधीकाळी पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या एखाद्या अपघाताची असते, आणि सगळा अनुभव दोन शब्दांत कोंबल्यामुळे तो रागासारखा ऐकू येतो.

अनुभवी परिचारिकेला आपले ज्ञान उलगडून सांगता येत नाही, यालाही कारण आहे. परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतचे पाच टप्पे दाखवले आणि एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला: नवशिकी नियमांच्या आधाराने चालते, तर तज्ज्ञ परिस्थिती एका नजरेत ओळखते आणि नियम तिच्या जाणिवेत विरघळून गेलेले असतात. नाडी व रक्तदाब यांचे आकडे ठीक असतानाही 'सात नंबरचं काही बरं दिसत नाही' असे म्हणून डॉक्टरांना बोलावणाऱ्या सिस्टरला तिने काय पाहिले असे विचारले, तर ती त्वचेचा रंग, कुशीवर वळण्यातील अस्वस्थता, उत्तर देण्यातला किंचित उशीर यांपैकी एखादीच गोष्ट सांगू शकेल, बाकीचे तिलाही शब्दांत गवसणार नाही. सलाइनसाठी नस शोधताना ती नव्या मुलीला 'डोळ्यांनी नको, बोटांनी बघ' एवढेच सांगते. ठळक दिसणारी नस सुई लागताच सरकते आणि न दिसता बोटाखाली दबून पुन्हा उसळणारी नस टिकते, हे तिच्या बोटांना माहीत असते. नवी मुलगी मात्र या तोकड्या उत्तराचा अर्थ 'सांगायचे नाही' असा घेते. दोघींमधील बराचसा दुरावा दुष्टपणापेक्षा या मुकेपणातून जन्मतो.

म्हणून रागावणे हाच दोष मानून चालत नाही. दोष तेथे सुरू होतो, जेथे घाईत कोंबलेली शिकवण नंतर कधीच उलगडली जात नाही. खेकसणारी सिस्टर पहाटे कामाचा रेटा ओसरल्यावर चहाचा कप पुढे करून दोन्ही सिरिंज शेजारी ठेवत हिशोब समजावून देत असेल, तर त्या खेकसण्याची आठवण पुढे कृतज्ञतेने निघते. ती पहाट कधी उगवलीच नाही, तर मागे उरते ती निव्वळ भीती. याहून वेगळ्या आणि निःसंशय निंद्य अशा गोष्टीही आहेत, आणि त्यांना शिस्तीचे नाव देणे ही फसवणूक आहे: रुग्णाच्या नातेवाइकांसमोर नव्या मुलीला मूर्ख ठरवणे, ड्युटी लिस्टमध्ये सणावाराच्या रात्रपाळ्या नेमक्या तिच्याच माथी मारणे, ती शिकलेल्या महाविद्यालयावरून, गावावरून किंवा बोलीवरून टोमणे मारणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे आवश्यक माहिती मुद्दाम दाबून ठेवून तिची चूक होण्याची वाट पाहणे. या वागणुकीचा पहिला परिणाम नव्या परिचारिकेच्या डोळ्यांतील पाणी हा असतो, पण तो शेवटचा नसतो. काही आठवड्यांत ती प्रश्न विचारणे सोडते. डॉक्टरांच्या अक्षरातील मात्रा नीट लागली नाही, तर पूर्वी ती विचारायला आली असती. आता ती अंदाज करते. येथे दोघींमधला तंटा त्यांच्यापुरता राहत नाही, त्याची किंमत खाटेवरचा माणूस देतो. त्यामुळे एखाद्या कक्षातील ज्येष्ठांची वागणूक जोखायची, तर तेथे आवाज किती चढतो यापेक्षा नवी मुलगी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारण्यास धजते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

उलगडून सांगण्याची ती पहाट बहुतेक कक्षांत का येत नाही, याचे उत्तर स्वभावात कमी आणि मोजणीत जास्त सापडते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयांच्या सर्वसाधारण कक्षांत तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. सार्वजनिक रुग्णालयांच्या भरलेल्या कक्षांतून, जेथे दोन खाटांच्या मध्ये जमिनीवरही गाद्या घातलेल्या असतात, रात्री फेरी मारणाऱ्या कोणालाही या निकषांचे काय झाले ते दिसते. अशा वेळी नवी परिचारिका रुजू होते, तेव्हा कागदावर एक मनुष्यबळ वाढते, पण ज्येष्ठेच्या दृष्टीने पहिले काही महिने कामात भरच पडते, कारण स्वतःच्या रुग्णांसोबत तिला नवीच्या रुग्णांकडेही लक्ष ठेवावे लागते. आणि काही बिनसले, तर खुलासा तिलाच द्यावा लागतो. खासगी रुग्णालयांत दुखणे वेगळे आहे. वेतन कमी असल्याने, आणि आखाती देशांत वा ब्रिटनमध्ये संधी असल्याने, अनुभवी परिचारिका तेथे टिकत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीला ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस करावी लागली, यावरूनच प्रचलित वेतनाची कल्पना यावी. अशा ठिकाणी दीड-दोन वर्षे काढलेली मुलगी 'सीनियर' होते, आणि तिच्या कडकपणामागे अनुभव नसतो, आपले न येणे उघडे पडेल ही धास्ती असते. या दोन कठोरपणांना एकच नाव देणारे अभ्यास पुष्कळ आहेत. त्यांचे उपाय म्हणूनच फसतात.

याच व्यवसायाने जुन्या-नव्यांच्या नात्याचे एक अगदी निराळे रूपही दाखवले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. एवढ्या दीर्घ काळात त्यांना शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ दिल्या नाहीत, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ मधील निकालातही नोंदली गेली. ज्यांनी अरुणांना सहकारी म्हणून पाहिले होते त्या परिचारिका काळाच्या ओघात निवृत्त झाल्या. नंतर त्यांना भरवणाऱ्या आणि कुशीवर वळवणाऱ्या अनेकींचा तर हल्ल्याच्या वेळी जन्मही झालेला नव्हता. रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी न्यायालयाला सांगितल्यानुसार विद्यार्थिनींच्या प्रत्येक नव्या तुकडीची अरुणांशी ओळख करून दिली जाई, आणि त्या आपल्यापैकीच एक आहेत असे सांगितले जाई. अरुणांना दयामरण द्यावे का, हा त्या निकालातील वाद बाजूला ठेवूनही एवढे दिसते, की नवागतेला व्यवसायात सामील करून घेण्याचा याहून मोठा विधी कोणत्याही दीपप्रज्वलनाच्या समारंभात घडत नसेल. ज्येष्ठांनी तेथे धाक दाखवला नाही असे मानण्याचे कारण नाही. चुरगळलेल्या चादरीवरून तेथेही बोलणी बसली असतीलच. पण त्या बोलण्यामागचे कारण समोर खाटेवर होते, आणि ते दोघींनाही दिसत होते.

अलीकडे काही रुग्णालयांत नव्या परिचारिकेला ठरावीक काळ एका अनुभवी मार्गदर्शक परिचारिकेसोबत जोडून देण्याची पद्धत सुरू झाली आहे, आणि ती स्वागतार्ह आहे, मात्र मार्गदर्शिकेच्या खाटा कमी न करता तिच्या नावापुढे केवळ एक पदनाम जोडले गेले, तर ती सही करण्याच्या आणखी एका कागदापलीकडे जात नाही. खरी परीक्षा रोज तीनदा, पाळी बदलताना होते. रुग्णांची व साहित्याची जबाबदारी एकीने दुसरीकडे सोपवण्याला रुग्णालयाच्या बोलीत 'ओव्हर देणे' आणि 'ओव्हर घेणे' म्हणतात. दोघी खाटेमागून खाट पुढे सरकतात आणि नोंदवहीत सलाइन, लघवीचे माप, दिलेली व राहिलेली औषधे यांचे रकाने भरत जातात. बारा नंबरचे आजोबा रात्री दोनच्या सुमारास घाबरून सलाइन उपसतात, त्यांच्या डोक्यावरचा दिवा चालू ठेवला की निजतात, या माहितीला रकाना नसतो. ती द्यायची की नाही हे घरी निघालेल्या, पाय दुखणाऱ्या, शेवटची लोकल गाठू पाहणाऱ्या ज्येष्ठेच्या हातात असते. आणि ओव्हर घेणारी नवी असेल, तर काही सांगायचे राहून गेले आहे हे तिला दोन वाजेपर्यंत कळतही नाही.