इंजिनाचं सोवळं

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतलं टोकस जाटांचं जुनं गाव. कडेने आउटर रिंग रोड, मागे जेएनयू, थोड्या अंतरावर आयआयटी आणि कटवारिया सरायच्या बाजूला लालबहादूर शास्त्रींच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ. गावातल्या गल्ल्या अशा, की दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावंच लागतं. रिंग रोड रुंद आहे, पण गर्दीच्या वेळी तिथेही दुसऱ्या गिअरच्या वर जायची संधी क्वचितच. तरी स्पोर्टी मोटारींची हौस दिल्लीत उघडपणे मिरवली जाते आणि त्या हौशीतला एक वाद तर पंथोपपंथांच्या थाटात चालतो: इंजिन टर्बोचं हवं की बिनटर्बोचं, म्हणजे हौशी मंडळी ज्याला ‘एनए’ (नॅचरली ॲस्पिरेटेड, निसर्गतः श्वास घेणारं) म्हणतात ते? एनएचे कैवारी त्याला शुद्ध, अस्सल, प्रामाणिक म्हणतात. ही विशेषणं यंत्रशास्त्रातली नव्हेत. ती आचारधर्मातून आलेली आहेत. म्हणून त्यांची परीक्षाही त्याच शास्त्राच्या कसोटीवर व्हायला हवी. माझं म्हणणं असं, की या स्तुतीत दोन दावे एकमेकांत मिसळले आहेत. एक शुचितेचा, तो टिकत नाही. दुसरा कर्तृत्वाचा, तो टिकतो. पण कैवाऱ्यांना वाटतं त्या जागी नाही.

आधी शुचितेचं पाहू. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमधला दाब उतरतो आणि बाहेरचा वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, तेव्हा इंजिनाची ताकद म्हणजे शेवटी त्याच्या पोटात गेलेली हवा. टर्बोमध्ये जळून बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून आत भरतं. दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टवाटे वाया जात असतो, त्यातला थोडा टर्बो परत कामाला लावतो. सरळ सांगायचं तर टर्बो उष्ट्यावर चालतो, आणि मला शंका आहे की नेमका इथेच आपल्या घराघरांतला जुना संस्कार जागा होतो: स्वतःच्या श्वासावर चालणारं ते सोवळं, उष्ट्याला शिवलेलं ते ओवळं. पण हे सोवळं तपासायला गेलं की सुटतं. चांगल्या एनए इंजिनात एक्झॉस्टच्या नळ्यांची लांबी अशी जुळवलेली असते, की बाहेर जाणाऱ्या वायूची लाट मागे पोकळी सोडते आणि त्या पोकळीने ताजी हवा ओढली जाते. हौशी लोक आजही ज्याची आठवण काढतात ती दोन हजारच्या दशकातली होंडा सिटी व्हीटेक ग्रेटर नोएडात, म्हणजे राजधानीच्या परिसरातच, तयार होत असे. तिच्यातही वेग वाढला की व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी करामत होतीच. मग निसर्गावर विसंबणं हे कुठे गेलं? आणि निसर्गावर खरोखर विसंबलं तर काय होतं, ते दिल्लीहून लेहला मोटार नेणाऱ्यांना ठाऊक असतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, त्यामुळे एनए इंजिनाचा दम तितकाच कमी होतो. आल्फ्रेड ब्यूकी या स्विस अभियंत्याने टर्बोचं पेटंट 1905 साली घेतलं, आणि 1918 मध्ये सॅनफर्ड मॉसने कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर विमानाच्या इंजिनाला टर्बो जोडून त्याची चाचणी घेतली ती याच विरळ हवेसाठी.

उष्टं त्याज्य असतं हे गृहीतसुद्धा आपल्या परंपरेत एकमताने मानलेलं नाही. अथर्ववेदात उच्छिष्टावर एक अख्खं सूक्त आहे आणि त्यात यज्ञातून उरलेल्या शेषालाच विश्वाचा आधार मानलं आहे. वारकऱ्यांचा सप्ताह काल्याशिवाय पुरा होत नाही, आणि काल्याचं मर्मच हे, की गोपाळांचं उष्टं देव आवडीने खातो. वाया जाणारं पुन्हा कामी लावणारं यंत्र या दृष्टीने ओवळं ठरत नाही. उलट उधळपट्टीचा आरोप कुणावर करायचाच तर तो एक-तृतीयांश उष्णता आकाशात सोडून देणाऱ्यावर करावा लागेल.

आता दुसरा दावा, जो जास्त गंभीर आहे. एनए इंजिनात ॲक्सिलरेटर जितका दाबला तितकं बळ, आणि जवळजवळ त्याच क्षणी. टर्बोत तसं नसतं. तोच गिअर, तेच आरपीएम, पाय तितकाच दाबलेला. तरी चक्र आधीच वेगात असेल तर मोटार झेपावते आणि तुम्ही नुकताच पाय उचललेला असेल तर क्षणभर काहीच घडत नाही. आत्ताचं फळ आत्ताच्या कर्माने ठरत नाही, क्षणापूर्वी काय जाळलं त्यावर ते ठरतं. हा चक्क संचिताचा व्यवहार आहे. मीमांसकांना पडलेला पेच असाच होता: यज्ञ आज संपतो, फळ मागाहून मिळतं, मग मधल्या काळात ते राहतं कुठे? त्यांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मानून ती फट बुजवली. टर्बोत फट बुजवणारी वस्तू डोळ्यांना दिसते, ते फिरतं चक्र असतं, इतकाच फरक. (शास्त्रीजींच्या विद्यापीठातल्या मीमांसेच्या विद्यार्थ्याला मुनिरक्याच्या एखाद्या गॅरेजात हे उदाहरण फुकट मिळेल.) एनएवाल्याची तक्रार अशी मांडली की तिला वजन येतं: माझं कर्म आणि माझं फळ यांच्यामध्ये तिसरं काही उभं राहिलं तर ते कर्म माझं कितपत राहिलं?

यावर टर्बोवाल्याचं उत्तर तितकंच तगडं आहे. रेनोने 1977 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला आणि 1989 पासून टर्बोवर बंदी येईपर्यंतच्या काळातल्या चालकांना वळण संपायच्या आधीच ॲक्सिलरेटर दाबावा लागे, कारण बळ मागाहून येणार हे त्यांना माहीत असे. त्यांचं कर्तृत्व कमी होतं असं कोण म्हणेल? आपल्याच मागच्या कृतीचा हिशेब ठेवून पुढचं पाऊल टाकणारा माणूस केवळ ताज्या क्षणात जगणाऱ्यापेक्षा जास्त पक्का कर्ता असतो. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य हे विषय एकाच प्रकरणात घेतले, ते उगाच नव्हे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यामुळे माझा मुद्दा जागा बदलतो. कर्म आणि फळ यांच्यातलं अंतर खटकण्याजोगं नाही. त्या अंतराचा हिशेब कर्त्याला लागू नये, हे खटकण्याजोगं आहे.

आणि अलीकडच्या टर्बो मोटारींत नेमकं हेच होतं. पुण्याजवळ चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली. तिचं इंजिन 1197 सीसी आणि लांबी चार मीटरच्या आत. कारण आपल्या कररचनेत पेट्रोलची ‘छोटी’ मोटार म्हणजे चार मीटर आणि 1200 सीसी. त्या रेघेच्या आत राहून 105 पीएस ताकद काढायची तर टर्बो हवाच. म्हणजे या पिढीच्या इंजिनाचा स्वभाव अर्थसंकल्पाने घडवला, हे त्यावर तत्त्वचर्चा करणाऱ्यांनी विसरू नये. तिचा 175 न्यूटन-मीटर टॉर्क 1500 आरपीएमच्या आसपास येतो आणि पुढे बराच वेळ सपाट राहतो. हा सपाटपणा संगणकाने आखलेला असतो. फेरारीने तर कमाल केली: 4.5 लिटरच्या एनए ‘458 इटालिया’च्या जागी 2015 मध्ये टर्बोची ‘488 जीटीबी’ आली, तिचा 760 न्यूटन-मीटर टॉर्क फक्त सातव्या गिअरमध्ये पूर्ण मिळतो. खालच्या गिअरमध्ये तो मुद्दाम रोखला जातो, कशासाठी, तर बळ आरपीएमबरोबर चढत जावं आणि एनए चालवल्यासारखं वाटावं! इथे पायाने फक्त विनंती करायची; किती आणि केव्हा द्यायचं ते दुसरं कुणी ठरवणार. कुणी म्हणेल, आजच्या एनए मोटारीतही पेडलला तार नसते, तिथेही विजेचा इशाराच जातो. खरं आहे, पण त्या इशाऱ्यामागे दडवायला फारसं काही नसतं. फरक प्रमाणाचा आहे, आणि नीतीतले बहुतेक फरक प्रमाणाचेच असतात.

मुनिरक्याचा म्हणून एक आक्षेप उरतो. अलीकडच्या पिढीची एनए होंडा सिटी 121 पीएस देते, पण 6600 आरपीएमला. रिंग रोडवर तिथवर कोण पोचणार? एनएचं सगळं गुणगान जिथे जायलाच मिळत नाही अशा ठिकाणचं असेल, तर ते परलोकाच्या वर्णनासारखं आहे. आक्षेप मार्मिक आहे, पण तो ताकदीला लागू पडतो, प्रमाणाला नाही. दोन मोटारींमधल्या वीतभर फटीतून पुढे सरकताना पायाला हवं असतं ते मोजून मिळणारं थोडंसं बळ, आणि आधी रेंगाळून मग उसळणारं इंजिन तिथे सर्वांत जास्त त्रास देतं. गल्लीतच या वादाचा निकाल जास्त स्पष्ट लागतो.

आवाजाची गोष्ट मात्र मला वेगळ्या पातळीची वाटते. टर्बोमुळे एक्झॉस्टचा आवाज दबतो, म्हणून काही कंपन्या तो स्पीकरमधून वाजवतात. बीएमडब्ल्यूने 2011 च्या एम5 पासून हे केलं आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासून सुरू होते. नसलेला गुण दाखवणं म्हणजे दंभ, आणि इथे तो यंत्रात बसवून विकला जातो. पोर्शने 2016 मध्ये बॉक्स्टर-केमनला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन दिलं, त्याच्या आवाजाबद्दल इतकी कुरकुर झाली की काही वर्षांतच महागड्या आवृत्त्यांमध्ये चार लिटरचं एनए इंजिन परत आणावं लागलं. स्पीकरपेक्षा हा मार्ग सरळ होता. उलट रात्री मुनिरक्याच्या आसपास सायलेन्सरमध्ये पेट्रोल जाळून फटाके वाजवणारी ट्यूनिंग चालते, तिच्यात दंभही आहे आणि शेजाऱ्याच्या हवेचा अपहारही. त्या हवेपुढे टर्बो काय आणि एनए काय, दोघेही देणेकरी. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनांतून सूक्ष्म कण जास्त निघतात, म्हणून युरोपात त्यांना गाळण्या लावाव्या लागल्या. म्हणजे कमी इंधनाचं पुण्यही निर्भेळ नव्हे.

कर्तृत्वाच्या दाव्याची खरी परीक्षा विजेच्या मोटारीपुढे होते. पाय दाबताच बळ, जितका दाबला तितकं, शून्य आरपीएमपासून. मागच्या क्षणाचं ओझं नाही. फळ कर्माला चिकटून असावं इतकंच मागणं असेल, तर एनएच्या कैवाऱ्याने नेक्सॉन ईव्ही आनंदाने स्वीकारायला हवी. तो बहुधा स्वीकारत नाही. मग त्याने कबूल करावं, की त्याला प्रिय आहे तो आवाज, तो चढत जाणारा काटा, ते तापलेलं लोखंड: ही सगुणाची ओढ आहे. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तिच्या आधारे दुसऱ्याच्या इंजिनाला अशुद्ध म्हणता येणार नाही. ह्युंदाईने 2023 मध्ये ‘आयोनिक 5 एन’ या विजेच्या मोटारीत लटके गिअर आणि लटका इंजिनाचा आवाज दिला आहे. दोन्ही चालक स्वतः सुरू करतो आणि हवं तेव्हा बंद करतो. त्याला माहीत असताना आणि त्याच्या राजीखुशीने चाललेल्या या प्रकाराला दंभ म्हणता येत नाही, नाटक म्हणता येईल. आणि नाटकाला तिकीट काढून जाणाऱ्याला फसवलं गेलं असं आपण म्हणत नाही.