थांबणारा केक

भोसरीच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिले गेले, त्यात आमच्याकडे गुरुवार आला आणि अंगवळणी पडला. शाळा, बँका, बारशी मात्र रविवार धरूनच चालतात. म्हणजे बाप घरी असतो तेव्हा पोरं शाळेत आणि पोरं घरी तेव्हा बाप लाइनवर. वर शिफ्ट आहेतच. फर्स्टवाला उजाडायच्या आत बसथांब्यावर, सेकंडवाला मध्यरात्री परत, नाइटवाला भर दिवसा खिडकीला चादर लावून झोपलेला. घरातली सगळी माणसं एका पंगतीला दिसतात ती सणावारीच, आणि सणही गुरुवारी आला तर.

अशा घरात पोराचा वाढदिवस मंगळवारी आला, तर केक कधी कापायचा?

म्हणून मला न भाजता केलेला चॉकलेट-बिस्किट केक प्रिय आहे. चवीला तो झकास असतोच, पण त्याचा मोठा गुण असा की तो थांबतो.

आपल्याकडचं बरंचसं खाणं थांबत नाही. पुरी फुगलेली असतानाच पानात पडायला हवी, भजी गार झाली की मरगळतात, आणि गरम पुरणपोळी वाढायची तर तव्याजवळ कोणीतरी उभं लागतं. पाहुणचाराचं सगळं वैभव गरमागरम वाढण्यात. ते वैभव राखायला घरातली एक बाई ओट्याशी अडकते आणि शेवटी एकटी जेवते. शिफ्टच्या घरात हे चालतच नाही. रात्री साडेबाराला आलेल्याला आमटी पुन्हा गरम करून देता येते, पुरी पुन्हा फुगवता येत नाही. बिस्किट केकचं गणित उलटं आहे. चार-पाच तास फ्रीजमध्ये बसल्याशिवाय तो कापताच येत नाही आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा चांगला लागतो. चॉकलेटच्या मिश्रणातला ओलावा हळूहळू बिस्किटात उतरतो, बिस्किट जरासं नरमतं आणि सुरी तुकडे न पाडता सरळ खाली जाते. कोणी उभं राहायला नको, कोणी खोळंबायला नको.

याला हिणवणारे भेटतात. ‘भाजलं नाही तर केक कसला? बिस्किटं तर मोडलीत!’ आमच्या ओळखीच्या एक काकू असं तोंडावर म्हणतात. मला त्यात सबंध चाकणचा अपमान दिसतो. तिथल्या मोठ्या कारखान्यांत गाडी कशी होते? कास्टिंग एका व्हेंडरकडून, सीट दुसऱ्याकडून, वायरिंग हार्नेस तिसऱ्याकडून. बऱ्याचशा भट्ट्या दुसऱ्यांच्या शेडमध्ये पेटलेल्या असतात आणि लाइनवर होते ती जोडणी. तरी गाडी चाकणचीच म्हणतात ना? मारी बिस्किट म्हणजे असाच एक भट्टीतून निघून आलेला तयार पार्ट.

शिवाय दुसऱ्याची भट्टी वापरणं आपल्याला नवं नाही. मराठी स्वयंपाकघराचा विस्तव खालून. वरून आच द्यायची सोय क्वचित. कोकणात काकडीचं धोंडस करताना झाकणावरही निखारे ठेवत, पण अशी उदाहरणं थोडी. दिवाळीच्या आधी तूप, पिठीसाखर आणि मैदा डब्यात घालून बायका जवळच्या बेकरीत जात, नंबर लावत आणि नानकटाई भाजून आणत. त्या नानकटाईला कोणी बेकरीवाल्याची म्हटलेलं मला आठवत नाही.

चॉकलेटच्या बाबतीत तर आमचा पट्टा नशीबवान. चाकणच्या तळेगाव चौकातून तळेगावच्या अंगाला वळलं की वाटेत इंदुरी लागतं, तिथे कॅडबरीचा कारखाना आहे. नाशिक रस्त्याने वर गेलं की मंचर, तिथे मोर्डेचा. घरगुती केक करणाऱ्या बायका कंपाउंडच्या ज्या लाद्या घेतात, त्यांत हे नाव हमखास असतं. आता कंपाउंड आणि खरं डार्क चॉकलेट यांत फरक आहे, आणि दुकानदार तो आपणहून सांगेलच असं नाही. खऱ्या चॉकलेटात कोको बटर असतं. ते साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरा खाली, आणि त्यामुळेच जिभेवर ठेवलं की विरघळतं. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते. ती उन्हाळ्यात धीर धरते, पण टाळूला मेणासारखी चिकटून राहते. एप्रिल-मे महिन्यांत, पंख्याखाली टेबलावर केक मांडून पाहुण्यांची वाट पाहायची असेल तर कंपाउंड घ्या. एरवी, माझं ऐकाल तर, चार पैसे जास्त जाऊ देत.

प्रमाण सोपं आहे. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० ग्रॅम बटर, अर्धी वाटी क्रीम आणि २०० ग्रॅम मारी. अमूलचं पिवळं बटर खारट असतं, आणि ते खारटपण इथे उपकारी ठरतं. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवून चॉकलेट आणि बटर वितळवायचं. वाडग्याचं बूड पाण्याला लागू द्यायचं नाही. निव्वळ चॉकलेटात वाफेचे दोन थेंब पडले तर त्यातली साखर आणि कोको एकमेकांना धरतात आणि गुळगुळीत रसाचा रवाळ गोळा होतो. गंमत म्हणजे तोच गोळा पुरेसं गरम दूध घालून घोटला की पुन्हा सैल होतो. थोडं पाणी बिघडवतं, भरपूर सावरतं. बिस्किटांचा चुरा करायचा नाही, अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे हवेत, नाहीतर कापल्यावर आतली नक्षी दिसत नाही. पुढची पद्धत खोबऱ्याच्या वडीची: डब्याला बटर पेपर, त्यात मिश्रण, वर वाटीच्या बुडाने दाबून सारखं करणं. फ्रीझरमध्ये घाई करू नये, दगड होतो. आणि महावितरणचं दुरुस्तीचं कामही गुरुवारीच निघतं, तेव्हा वीज गेली तर फ्रीजचं दार उघडून केकची विचारपूस करत बसू नये.

हाच केक २०११ साली ब्रिटनच्या राजपुत्र विल्यमच्या लग्नात होता. फळांच्या उंच शाही केकशेजारी नवरदेवाने हट्टाने आपल्या लहानपणचा बिस्किट केक मागवला. मॅकव्हिटीजने तो १७०० बिस्किटं आणि १७ किलो चॉकलेट घालून केला. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘त्यांच्याकडे काय, राजवाडा आहे.’

राजवाड्याची गोष्ट सोडा. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी इथल्या भाड्याच्या खोल्यांत लातूर, नांदेड, बुलढाण्याकडची पोरं तिघं-चौघं मिळून राहतात. एक शेगडी, एक कुकर, ओव्हन असण्याचा प्रश्नच नाही. फ्रीजही बहुधा घरमालकाकडेच. त्यांचा प्रकार पारले-जीचा. बिस्किटांची पूड, कोको, पिठीसाखर, बटर आणि दुधाचा हबका, धुतलेल्या दुधाच्या पिशवीवर थापून त्यात खोबऱ्याचा कीस भरायचा आणि गुंडाळी करायची. पारले-जी दुधात लगेच विरघळतं, म्हणून ते तुकड्यांच्या केकला कुचकामी आणि या गुंडाळीला उत्तम. थंडीच्या दिवसांत ती खिडकीतसुद्धा आवळते.

या केकला क्रीमचा थर नसतो, हा आणखी एक फायदा. रात्री बाराला चौकात केक कापायचा आणि मग तो ज्याचा वाढदिवस त्याच्याच तोंडाला फासायचा, ही चाल इकडे चांगलीच फोफावली आहे. तलवारीने केक कापल्याबद्दल पोलिसांनी गुन्हे नोंदवल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. बिस्किट केक तोंडाला फासता येत नाही. तलवारीने कापला तर फार तर तलवारीची धार जाईल.

तर मंगळवारच्या वाढदिवसाचा केक सोमवारी रात्री थापावा. मंगळवारी सकाळी शाळेआधी पोराने एक काप खावा, सेकंडवाल्या बापाने मध्यरात्री आल्यावर दुसरा, आणि मेणबत्ती खुशाल गुरुवारी संध्याकाळी लावावी. तोवर केक उत्तम मुरलेला असतो. नाइटला गेलेल्याचा वाटा निराळ्या डब्यात काढून डब्यावर त्याचं नाव लिहावं. नाव लिहूनही तो त्याच्यापर्यंत पोहोचेल, याची हमी मात्र मी घेत नाही.