घनता काय सांगते, काय सांगत नाही

डोणगावसारख्या गावात दूध संकलन केंद्रावर रोज एक छोटा निवाडा होतो. दुधात लॅक्टोमीटर सोडायचा आणि तो किती बुडतो ते पाहायचे. दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२ असते. पाणी मिसळले की ती घटते, लॅक्टोमीटर खोल जातो, डिग्री कमी भरते आणि दूध आणणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते.

पण साय काढली तर उलटे घडते. स्निग्धांश पाण्याहून हलका, तो गेला की उरलेले दूध जड होते. मग त्यात बेताने पाणी घातले की डिग्री पुन्हा जागेवर येते. दोन लबाड्या मिळून प्रामाणिक दिसतात. याउलट, दूध कोमट असेल किंवा जनावराला पुरेसा चारा मिळाला नसेल, तर थेंबभर पाणी न घालताही डिग्री घसरते. एकटा आकडा चोराला सोडून संन्याशाला फाशी देऊ शकतो. म्हणून डिग्रीच्या जोडीला फॅट मोजतात.

यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. सोन्याची घनता १९.३. पितळेची त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून पितळ लगेच बाद होते. टंगस्टनची मात्र १९.२५, ते या परीक्षेत सहज निसटते. ‘हे ते नाही’ म्हणायला एक गुणधर्म पुरतो. ‘हे तेच आहे’ म्हणायला एकमेकांवर न विसंबणारे अनेक पुरावे लागतात.

डोणगावजवळच्या लोणारचे उदाहरण घ्या. काळ्या बेसाल्टमधला तो प्रचंड खड्डा ज्वालामुखीचा समजणे स्वाभाविकच होते. पण तिथे मास्केलिनाइट सापडले. ही काच प्रचंड आघाताच्या दाबाने बनते, तेवढा दाब ज्वालामुखी देत नाही. खड्ड्याचा आकार दोन्ही कथांना जुळत होता. निर्णय दिला तो एका कथेला अशक्य ठरवणाऱ्या पुराव्याने.

माणसाच्या बाबतीत आपण इतके थांबत नाही. कमी डिग्री एवढेच सांगते की हे दूध ठरलेल्या मापाचे नाही. त्यात पाणी आहे, हा पुढचा दावा. ते याने घातले, हा त्याच्याही पुढचा. फसवण्यासाठी घातले, हा तर कोणत्याच मापात न बसणारा. दर कमी करायला पहिली पायरी पुरेशी असेल. चारचौघांत एखाद्याला चोर म्हणायला चारही पायऱ्या चढाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला स्वतंत्र पुरावा हवा.