अन्न, श्वास आणि करुणा

उपासक-उपासिकांनो,

घरातले माणूस कर्करोगाने अत्यवस्थ झाले, की कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. त्याला अन्न कसे द्यावे? त्याचा श्वास यंत्राने चालवावा काय? तुम्ही प्राणिहिंसा न करण्याचे शील घेतले आहे. मग नळी किंवा यंत्र नाकारणे ही हिंसा ठरते काय?

प्रथम शरीराचे सत्य पाहा. कर्करोगी सुकतो तो केवळ उपासमारीने नव्हे. रोगामुळे शरीरात दाह होतो आणि शरीर आपलेच स्नायू झिजवू लागते. श्वास ओढणारे स्नायूही त्यात क्षीण होतात. जंतुसंसर्गासारखे संकट उपचाराने टळण्याजोगे असेल, तर यंत्राचा आधार जरूर द्यावा. रक्तदाब सावरला असेल व आतडी काम करीत असतील, तर साधारण २४ ते ४८ तासांत नाकातील नळीने अन्न सुरू करतात. तेही मोजून. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट घसरते आणि हृदय व श्वास धोक्यात येतात. प्रज्ञेवाचून दिलेले अन्नही अपाय करते.

पण रोग सर्वांगात पसरला, उपचार संपले आणि अखेरचे दिवस आले, तर? "जेवत नाही म्हणून खंगतो आहे," असे आपण म्हणतो. त्या वेळी बहुधा खरे याच्या उलट असते. मरण जवळ आले म्हणून भूक मावळलेली असते. बळेच भरवलेला घास श्वासनळीत जाऊ शकतो. यंत्र छाती हलवते, रोग हटवत नाही, आणि घशातल्या नळीमुळे शेवटचे चार शब्दही बोलता येत नाहीत. अशा वेळी ओठ ओले ठेवा. मागेल तो घोट द्या. चेहऱ्यावर वारा घाला. डॉक्टरांनी दिलेली मॉर्फिनची अल्प मात्रा श्वासाची तगमग शमवते, तिला भिऊ नका.

कर्माचे मर्म चेतनेत आहे. मारण्याचा हेतू ही हिंसा. निष्फळ यातना थांबवणे ही हिंसा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या कलमात मानला. आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. यंत्र काढण्याचा निर्णय मात्र घरच्यांनी परस्पर घ्यायचा नाही. डॉक्टरांची दोन मंडळे तो तपासतात.

येथे एक सावधगिरी बाळगा. जो वाचू शकतो त्याचा आधार पैशाअभावी काढणे ही करुणा नव्हे, तो अन्याय आहे. अशा वेळी रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे जा, सरकारी योजनेची चौकशी करा, हक्काने मागा. उलट, "पैसा वाचवला" असे भावकी म्हणेल या भीतीने मरणाऱ्याला यंत्राला जखडून ठेवणे हेही आपल्या अब्रूसाठी त्याला दिलेले दुःख आहे.

म्हणून माणूस बोलता आहे तोवर त्याच्या उशाशी बसा आणि त्यालाच विचारा. त्याचे उत्तर ऐकवणार नाही, तरीही ऐका. आणि वेळ येईल तेव्हा त्याच्या शब्दाला जागा.