फळाचा अंदाज आणि फळाची आसक्ती

नवउद्योगाच्या आरंभी व्यवसाय आराखडा, म्हणजे भांडवल, कच्चा माल, मनुष्यबळ, विक्री आणि संभाव्य तोटा यांचा आधीच मांडलेला लेखी हिशेब, आवश्यक मानला जातो. त्यावर निष्काम कर्माच्या बाजूने असा आक्षेप घेता येतो की, ज्या फळावर कर्त्याचा अधिकारच नाही त्याचे आकडे आधी मांडणे ही फलासक्तीच होय. हा आक्षेप गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ या वचनावरच थांबतो. अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात अनुबंध म्हणजे पुढे येणारे परिणाम, क्षय म्हणजे हानी, हिंसा म्हणजे इतरांना होणारी पीडा आणि पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य, या चारांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस ठरवले आहे. आराखड्याशिवाय उद्योगात उडी घेणे हे धाडस नसून, या कसोटीवर, तमोगुणाचेच लक्षण ठरते.

वर्धा जिल्ह्यातील आष्टीच्या संत्रा बागायतदाराला फळाचा अंदाज आणि फळाची आसक्ती यांतला भेद वेगळा शिकवावा लागत नाही. आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरायचा की मृग (जून-जुलैतला), हे ठरवून तो झाडाचे पाणी तोडतो, म्हणजे ताण देतो, आणि योग्य वेळी पाणी सोडतो. मात्र फूल किती लागेल आणि फळगळ किती होईल, हे त्याच्या हाती नसते. गीतेने कर्माच्या पाच कारणांत शेवटचे म्हणून दैव सांगितले आहे, ते हेच. पण जे आधी कळू शकते ते दैवावर सोडता येत नाही: आष्टीत संत्रा-प्रक्रियेचा उद्योग काढणाऱ्याला, नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो, हे यंत्राची किंमत विचारण्याआधी माहीत असावे लागते.

गीतेने सांगितलेल्या त्या चार बाबींपैकी हिंसेचा रकाना आजच्या आराखड्यांत बहुधा कोराच असतो, आणि ही उणीव किरकोळ नाही. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत उभे करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी निसर्गाचा साठा ओरबाडणारे उत्पादन हे हिंसेचेच रूप मानले. प्रक्रिया उद्योगाला फळे धुवायलाही पाणी लागते, आणि मृग बहाराचा ताण संपून, पाऊस लांबला तर, झाडाला पाणी द्यायचे ते ऐन उन्हाळ्याच्या शेवटी, विहिरी तळाला गेलेल्या असताना; तेव्हा उद्योगाने उपसलेले पाणी बागांच्या वाट्याचे असते, आणि त्याची नोंद हिंसेच्याच रकान्यात व्हायला हवी.